डावा कान

१२ फेब्रुवारी

ताई,

तू उतरलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. पत्र आधीच टाकणार होते, पण इथलं तुला माहीतच आहे. सकाळी डोळे उघडले की दिवस कुठे जातो, पत्ता लागत नाही.

आम्ही बरे आहोत. दुसऱ्या डेकवरची खोली तशीच, बिनखिडकीची, डोक्यावर पाइपांची गुरगुर. हे, म्हणजे तुझे भट्टीवाले, अजून सकाळी नऊला परत येतात, भुवयांवर पीठ घेऊन, आणि एक बूट काढून झाला की दुसऱ्याच्या आधी झोपतात. तू त्यांना ठेवलेलं नाव आता जहाजभर झालंय. परवा कॅप्टनसुद्धा म्हणाले, "भट्टीवाले, आजचा ब्रेड झकास." भिंगरीचे पुढचे दोन दात पडले. 'स' म्हणताना शिट्टी वाजते, आणि म्हणून ती मुद्दाम 'स'चेच शब्द शोधते. तिचे धडे अजून लायब्ररीच्या बाईच घेतात, दुपारी, प्रवासी जेवून सुस्तावलेले असताना.

तुझ्या खोलीत लाँड्रीतल्या दोघी आल्या. भिंगरी सकाळी उठल्या उठल्या मधल्या भिंतीवर तीनदा टकटक करते, तुला करायची तशी. पहिले चार दिवस पलीकडून काहीच आलं नाही. आता त्यांच्यातली एक करते, पण दोनदाच. भिंगरी म्हणते, "चुकीचं वाजवतात."

चहाच्या वेळच्या कार्यक्रमाला माझ्या जोडीला नवा व्हायोलिनवाला दिलाय. बोटं चांगली आहेत त्याची, पण लक्ष समोरच्या टेबलांवर. तू माझा खांदा हलला की सूर उचलायचीस. हा आधी केस सावरतो, मग सूर उचलतो. तोवर मी पियानोवर आपली वाट बघत बसते.

सगळे तुझी चौकशी करतात. तुझ्या कानाची गोष्ट सेफ्टीवाल्या साहेबांपर्यंत कुणी नेली, देव जाणे. एवढ्याशा जागेत हजार माणसं, कुणाचं काय झाकून राहणार?

तू उतरलीस तेव्हा मी खाली यायला हवं होतं. पण चहाच्या वेळचा कार्यक्रम होता, सुटता येईना. भिंगरी आणि हे आले होते, म्हणजे घरचं कुणीच नव्हतं असं काही झालं नाही.

चांगल्या डॉक्टरला कान दाखव. आणि दोन ओळी तरी लिही. पुढच्या बंदरांवरच्या एजंटांचे पत्ते मागच्या पानावर दिलेत.

धाकटी


२ मार्च

ताई,

दोन बंदरं झाली. टपालाची पिशवी दोन्हीकडे आली, तुझं काही नव्हतं. भिंगरीला सांगितलं, मावशी घर लावतेय, वेळ नसेल. ती म्हणाली, "मावशीचं सामान एकच बॅग होती." या पोरीपुढे काही बोलायची सोय नाही.

एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती घडली एका निबंधामुळे.

लायब्ररीच्या बाईंनी भिंगरीला निबंध दिला होता, 'माझं आवडतं माणूस.' तिनं तुझ्यावर लिहिला. बाईंना इतका आवडला की त्यांनी वही मुद्दाम खोलीवर पाठवली. मी चहाच्या कार्यक्रमाला वर होते, वही पडली भट्टीवाल्यांच्या हाती. मी खाली आले तर ते जागे. दुपारी चारला तो माणूस जागा म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मला दारातच कळलं.

"हे काय लिहिलंय तिनं?" म्हणाले, आणि वाचून दाखवलं. "'माझ्या मावशीचे कान सगळ्यांत चांगले आहेत. तिला बंद दाराच्या आतलं रडणंसुद्धा ऐकू येतं.' कुठलं दार?"

भिंगरी पलंगावर पाय हलवत बसली होती. म्हणाली, "मावशीनं सांगितलंय, कुणाला सांगायचं नाही." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "अहो, मुलं काहीही लिहितात."

"ड्रिलच्या दिवशी पोरगी ताईंजवळच होती ना?"

"होती," मी म्हटलं. "जानेवारीतल्या ड्रिलला ताई तिला घेऊन अकरा मिनिटं उशिरा आली, भोंगा ऐकू आला नाही म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. तुम्हीही होतात."

वही त्यांनी परत दिली नाही, उशीखाली ठेवली.

ताई, मागच्या पत्रात लिहिलं ना, साहेबांपर्यंत कुणी नेलं देव जाणे. देवाबरोबर मीही जाणते. साहेबांनी मला बोलावून विचारलं होतं, तुमच्या बहिणीला खरंच ऐकायला कमी येतं का. मी हो म्हटलं. काळजीपोटी म्हटलं गं. उद्या खरोखरची आग लागली, पाणी शिरलं, आणि तुला भोंगा ऐकूच आला नाही तर? तुझ्या भल्यासाठीच म्हटलं.

हे वाचून तुला राग येईल. आला तर तेवढा तरी लिहून कळव.

धाकटी


१९ मार्च

ताई,

मागचं पत्र मी टपालात टाकलं आणि त्याच दिवसापासून मला जेवण जाईना. 'तुझ्या भल्यासाठी' हे मी लिहिलं कसं? तुला, जिला सगळं माहीत आहे तिला? आता सरळ लिहिते. वाचवत नसेल तर फाडून टाक.

उतरायच्या दिवशी जहाजावर चहाचा कार्यक्रम नसतो. जुने प्रवासी गेलेले, नवे यायचे, सगळीकडे चादरी आणि बादल्या. दहा वर्षं तू इथे वाजवलंस, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक. तू जिना उतरत होतीस तेव्हा मी वरच्या लाउंजमध्ये पियानोचं झाकण लावून बसले होते. तुझ्यासमोर उभं राहायची छाती झाली नाही.

आता ड्रिलचा दिवस. तू कधी विचारलं नाहीस मी कुठे होते. मीच सांगते. मनोरंजनाच्या मॅनेजरनी मला फोटोसाठी बोलावलं होतं. नव्या पोस्टरसाठी, माझ्या एकटीच्या. संध्याकाळी एक तास मला एकटीला द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि हे मी तुला सांगितलं नव्हतं. भिंगरीला बरोबर न्यावं तर तिनं तुला सगळं सांगितलं असतं. म्हणून तिला चादरींच्या खोलीत बसवलं, रंगाच्या कांड्या दिल्या, म्हटलं दहा मिनिटांत येते.

दहाची तीस झाली. मग भोंगा. सात आखूड, एक लांब. फोटोवाला कॅमेरा टाकून पळाला, त्याच्यामागे मी. जिन्याच्या मधोमध मला पोरगी आठवली. ताई, माझे पाय थांबले होते. ती खोली खाली डावीकडे वीस पावलांवर होती. मागून माणसं चढत होती, कुणीतरी म्हणालं, "चला बाई, चला," आणि मी चढले. मनात म्हटलं, ताई आहे ना.

भोंगा झाला की आगीची दारं आपोआप मिटतात, हे मी दर महिन्याला वर्गात बसून ऐकत आलेय. त्या क्षणी आठवलं नाही, की आठवून घेतलं नाही, ते मलाही नीट सांगता येत नाही.

आणि तू, सगळ्यांबरोबर वर निघालेली, भोंगा, पावलं, कर्ण्यावरच्या सूचना, या सगळ्या गोंगाटात त्या दाराआडचं रडणं ऐकून मागे फिरलीस. ते दार हातानं ओढायचं म्हणजे पुरुषाचंही काम नाही. दुसऱ्या दिवशी वाजवताना तुझ्या बोटाचं नख काळंनिळं दिसलं. मी विचारलं नाही.

जमायच्या जागी आम्ही सगळे रांगेत, केशरी जॅकेटं घालून. साहेबांनी घड्याळ बघितलं. "अकरा मिनिटं. मूल कुणाच्या ताब्यात होतं?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण कुटुंबाची खोली मिळताना सही माझी होती, मूल एकटं सोडायचं नाही, ड्रिलला घरच्या मोठ्या माणसाजवळच हवं, नाहीतर खोली जाणार. हे तुलाही माहीत होतं. म्हणून तू माझ्याआधी बोललीस. "माझ्या ताब्यात. मला भोंगा ऐकू आला नाही."

मी हात पुढे केले. भिंगरीनं तुझ्या मानेत तोंड खुपसलं आणि माझ्याकडे पाठ केली. सगळ्यांदेखत.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू सतरा. माझ्या वेण्या तू घातल्यास, पियानोच्या शिकवणीला तू नेलंस, माझं लग्न तू लावलंस, माझं बाळंतपण तू केलंस. आणि मग माझी मुलगीही तूच. पडली की "मावशी", भूक लागली की "मावशी". त्या दिवशी मला तुझ्या पायाशी बसून रडावंसं वाटायला हवं होतं. मला आला राग. हिनं माझं काहीच माझ्याकडे ठेवलं नाही, असं वाटलं. असं मला तुझ्याबद्दल वाटलं, ताई.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. चांगला माणूस आहे, त्यांना पटत नव्हतं. म्हणाले, "तुमच्या बहिणीला मी कुजबुज ऐकून वळताना पाहिलंय. तिला खरंच ऐकू येत नाही का? विचार करून सांगा, तिची नोकरी आहे."

मी विचार केला. म्हणजे वेळ होता मला. मग म्हटलं, "डावा कान. दोन वर्षांपासून."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही. तिनं फक्त मला सांगितलं."

डाव्या कानानं अगदी बारीक सूर तुला निसटतात, एवढंच तू म्हणाली होतीस, तेही पलंगावर बसून, हसत, मला सफरचंद कापून देता देता. मी त्याचं काय केलं बघ, तेवढ्यावरून तुझी नोकरी गेली.

धाकटी


७ एप्रिल

ताई,

काल साहेबांकडे गेले. आधी भट्टीवाल्यांना सांगितलं. सकाळी ते आले, मी दोन्ही बूट स्वतः काढले, आणि म्हटलं, झोपू नका, ऐका. सगळं सांगितलं. त्यांनी उशीखालून भिंगरीची वही काढली आणि नुसती हातात धरून बसले.

"मला महिनाभर माहीत आहे," म्हणाले. "पोरीनं सांगितलं नाही. त्या चादरींच्या खोलीत भिंतीवर तिची चित्रं आहेत, खाली, दाराजवळ. आगीची दारं एकेक करून बघत गेलो, तेव्हा सापडली. तू कधी बोलतेस याची वाट बघत होतो."

"मग मला विचारलं का नाही?"

"विचारलं होतं की. तू 'होती' म्हणालीस."

मी म्हटलं, आता साहेबांना सांगितलं तर खोली जाईल, तुमची भट्टी जाईल. त्यांनी वही परत उशीखाली ठेवली. मग म्हणाले, "पीठ सगळीकडे सारखंच फुगतं. जा तू."

साहेबांच्या ऑफिसात गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"कानाचं खरं होतं, साहेब. पण ती उशिरा आली ते कानामुळे नाही. माझी मुलगी दाराआड अडकली होती. तिला तिथे ठेवणारी मी. आणि रडणं ऐकणारी तीच."

"तिनं स्वतः का सांगितलं नाही?"

"मोठी आहे ती," मी म्हटलं.

त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिहून द्या." लिहिताना दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा नीट जमलं. वाचून त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, ड्रिल होती म्हणून. नाहीतर आज आपण कशाबद्दल बोलत असतो?" हे वाक्य मी जिन्यातून उतरताना ऐकत होते, दुपारी वाजवताना ऐकत होते, आत्ताही ऐकतेय.

तुझ्या नावावरचा शेरा काढतील. तसं पत्र तुला येईल. कानाची तपासणी पुन्हा करून तुला परत यायचं असेल तर जागा देऊ, म्हणालेत. आमची खोली गेली. एकोणतीस तारखेला, फेरी संपली की, तू उतरलीस त्याच बंदरात उतरायचं. भट्टीवाल्यांना एकट्याला राहता आलं असतं. नको म्हणाले.

आणि आज टपालात तुझं पाकीट आलं. वर भिंगरीचं नाव, तुझं अक्षर. पाकीट पोरीनंच फोडलं. वाद्यं दुरुस्त करायच्या दुकानात काम करतेस, वर तिसऱ्या मजल्यावर राहतेस, तुटलेल्या व्हायोलिनला नवी मान बसवलीस, एवढं तिनं वाचून दाखवलं. "जहाज इकडे लागलं की ये. रविवारी मी घरी असते. बाबा आणतील."

तिचं वाचून झाल्यावर मी तो कागद मागून घेतला आणि मागची बाजू बघितली. पाकिटातही बघितलं. भिंगरी म्हणाली, "आई, अजून काही नाहीये."

बरोबर आहे. नसणारच.

धाकटी


१७ मे, रविवार

ताई,

हे पत्र टपालानं येत नाहीये. तुझ्या दुकानासमोरच्या चहावाल्याकडून कागद मागून लिहितेय, आणि भिंगरीच्याच हाती वर पाठवतेय.

मागचे दोन रविवार तिचे बाबा तिला घेऊन आले. ती परत आली की मी काही विचारायचं नाही असं ठरवते आणि दाराची कडी लावायच्या आत विचारते. मावशी बारीक झाली का? जेवते का? कान? तिनं सांगितलं, तू व्हायोलिन उजव्या कानाला लावून बघतेस आणि मालक म्हणतात, दुकानात असा कान दुसरा नाही. जहाजाच्या पत्राला तू नाही म्हणून कळवलंस, हेही तिनंच सांगितलं. कारण तिला माहीत नव्हतं. मी ते मनात शोधत बसते. इथे बरं चाललंय म्हणून असेल. माझ्यामुळे असेल.

आज बाबांना सुट्टी मिळाली नाही, नव्या बेकरीत रविवारीच जास्त काम. म्हणून मी आणलं. दारापाशी सोडलं आणि रस्ता ओलांडून इथे बसले. तू खिडकीशी आलीस ते पाहिलं. तू मला पाहिलंस का, ते कळलं नाही. मी वर बघायचं टाळलं, मग बघितलं, तोवर तू नव्हतीस.

तासाभरानं पोरगी धापा टाकत खाली आली. म्हणाली, "मावशीनं सांगितलंय, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय. आईला म्हणावं, कठडा धरून ये."

मी म्हटलं, "आत्ता?"

"काय आत्ता?"

"आत्ता ये म्हणाली, की कधी आली तर?"

तिनं बराच विचार केला. "ते नाही सांगितलं."

"कशी म्हणाली? रागानं?"

"भांडी घासता घासता म्हणाली."

आता यावरून मी काय समजायचं, ताई? मी उठले, दोनदा रस्त्याच्या कडेपर्यंत गेले, आणि परत येऊन बसले. एकदा न विचारता मी ठरवून टाकलं होतं की ताई आहे ना, ताई बघेल. आता तुझं बोलणं माझ्या सोयीनं समजून घ्यायचा मला अधिकार नाही.

आणि आत्ता लिहिताना लक्षात आलं, चार पत्रं झाली, काय घडलं ते सांगितलं, का घडलं तेही सांगितलं, पण माफी एकदाही मागितली नाही. ती मागते. ती नुसती चूक नव्हती, चूक नकळत होते. मी तुझं वाईट केलं, समजून उमजून केलं. मला माफ कर, आणि जमणार नसेल तर नको करूस, पण मी मागितली होती एवढं तुझ्याजवळ असू दे.

वर यायला सांगायचं असेल तर खिडकीतून हात कर. नसेल तर काहीच करू नकोस. मी पाच वाजेपर्यंत इथे आहे, मग पोरीला खालूनच घेऊन जाईन आणि पुढच्या रविवारी परत आणून सोडीन.

तिला मात्र लगेच खाली पाठवू नकोस. तुझ्याकडे बसू दे तिला, मांडीवर, गळ्यात पडून, तिला हवं तितका वेळ. मला चालेल. खरंच चालेल, ताई.

धाकटी